तांदूळ धुवायचं ते

नोएडातल्या एका आयटी कंपनीत मी माहिती-सुरक्षेचा प्रमुख आहे. म्हणजे लोकांना फसायचं कसं नाही हे शिकवणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणीही विचारेल की या गृहस्थाला एवढंही कळत नव्हतं का. कळत होतं. सगळं कळत होतं, हीच तर अडचण झाली.

आम्ही मूळचे पुण्याचे. बावीस वर्षांपूर्वी मी आणि रेवती, माझी बायको, मयूर विहारमध्ये भाड्याने राहायला आलो आणि पुढे त्याच सोसायटीत फ्लॅट घेतला. आमची मुलगी अश्लेषा इथेच जन्मली, इथेच वाढली. घरात मराठीच बोलायचं असा माझा नियम होता, आणि ती बोलायचीही. पण एखादा आडबाजूचा शब्द आला की बाईसाहेब सरळ हिंदीत उडी मारायच्या. कोनाडा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. उंबऱ्याला ती 'दरवाजाखालची ती पट्टी' म्हणायची. रेवतीला त्याचं हसू यायचं आणि मला राग. राग कसला, तर मुलगी आपल्या हातून निसटत चालली आहे याचा. पण तो मी भाषेवर काढायचो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या खाली राहणाऱ्या हरिदासकाकांना एक फोन आला. पलीकडे त्यांचा नातू रडत होता, मला पोलिसांनी पकडलंय, आजोबा काहीतरी करा. काकांनी सांगतील तिथे पैसे पाठवले. नातू त्या वेळी शेजारच्या खोलीत झोपलेला होता. आवाज मशिनने बनवला होता. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस, पण त्या दिवसानंतर संध्याकाळी फिरायला म्हणून जो घरातून बाहेर पडायचा बंद झाला तो झालाच. जिन्यात भेटले तरी मान खाली घालून जायचे. मला त्यांची दया आली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त चीड आली. दार उघडून बघायला काय झालं होतं यांना?

त्याच आठवड्यात मी घरात परवलीचा शब्द ठरवला. आपल्यापैकी कुणीही अनोळखी नंबरवरून फोन करून संकटात आहे म्हणालं, तर आधी शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर फोन ठेवायचा. रडणं नाही, ओरडणं नाही, हिशोबात काहीही धरायचं नाही. रेवती तेव्हा ओट्याशी रोवळीत तांदूळ धूत होती. बांबूची छोटी रोवळी, तिच्या आईने दिलेली. मी म्हटलं, हाच शब्द. रोवळी. या शहरातल्या चोरांच्या सात पिढ्यांना कळणार नाही.

"बाबा, मलाच लक्षात नाही राहणार यार," अश्लेषा म्हणाली. ती तेव्हा बारावीत होती. "काहीतरी इझी ठेव ना. मॅगी ठेव."

"सोपा शब्द चोरालाही सोपा."

"अरे पण तिला आठवायला हवा ना," रेवती म्हणाली. "घाबरल्यावर माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, उल्हास."

"म्हणूनच सराव करायचा."

आणि मी सराव करून घेतला. ऑफिसातल्या दुसऱ्या फोनवरून अधूनमधून घरी फोन लावायचो, आवाज बदलून. अश्लेषाला उलट अनोळखी नंबरवरून मला फोन करायला लावायचो; ती एकदा 'रोली' म्हणाली, एकदा 'ओवळी' म्हणाली, आणि मी दोन्ही वेळा फोन ठेवून दिला. संध्याकाळी ती रुसून बसायची. रेवतीला मी कुरिअरवाल्याच्या नावाने खोट्या लिंक पाठवायचो. एकदा तिने क्लिक केलं, तर तो मेल मी माझ्या स्लाइडमध्येच टाकला, 'माझी बायको' असं वर लिहून. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. रेवतीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी." मी म्हटलं, त्यात काय विचारायचं.

ही झाली पार्श्वभूमी. आता तो गुरुवार.

कंपनीत नव्याने आलेल्या चाळीसएक जणांचं दिवसभराचं सेशन होतं. सकाळी रिसेप्शन, अॅडमिन या लोकांचं वेगळं तासाभराचं घेतलं होतं, मग मोठ्या हॉलमध्ये बाकीच्यांचं. सेशन रेकॉर्ड होत होतं. जेवण झाल्यावर लोक पेंगतात, म्हणून मी आवाजाच्या फसवणुकीचा विषय नेहमी दुपारी घेतो. दोनला दहा मिनिटं कमी होती. मी हरिदासकाकांची गोष्ट, नाव न घेता, रंगवून सांगत होतो आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

मी फोन वर करून सगळ्यांना दाखवला. "देखिए, लाइव्ह डेमो," असं म्हणालो आणि स्पीकरवर टाकून माइकला लावला.

"बाबा, मी आशू. बाबा, आईला काहीतरी झालंय." हॉलभर तिचा आवाज घुमला. "आम्ही सरोजिनी नगरला होतो, ती एकदम खाली बसली, तिचं तोंड वाकडं झालंय. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत, माझा फोन कुणीतरी मारला, डॉक्टर विचारतायत की—"

माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगू. काटा आला तो कौतुकाने. इतका हुबेहूब आवाज मी एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता. दम लागला की ती 'बाबा'मधला पहिला 'बा' गिळते, तेसुद्धा जमवलं होतं पठ्ठ्यांनी. मी माइकवर हात ठेवून हिंदीत सगळ्यांना म्हणालो, "मेरी बेटी की आवाज़ है. बिल्कुल वही. मराठी भी बोल रही है. पीछे हॉस्पिटल का शोर भी डाला है, सुनिए."

मग फोनवर म्हणालो, "शब्द सांग."

"काय?"

"शब्द."

"बाबा, आत्ता नाही, प्लीज, ती गोळी—"

"शब्द सांग, नाहीतर मी फोन ठेवतोय."

चार-पाच सेकंद नुसता श्वास ऐकू आला. मग ती रडायला लागली. "ते... बाबा, ते असतं ना ते. तांदूळ धुवायचं ते. आईचं ते. छलनी... छलनी नाही... चाळणी... बाबा, मला आठवत नाहीये. तांदूळ धुवायचं ते!"

'छलनी' हा एकच शब्द हॉलला कळला आणि चाळीस माणसं खो खो हसली. मीही हसलो. फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, आणि तेही करून दाखवलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली. पुढचा अर्धा तास मी जे बोललो ते माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं बोलणं होतं. चोर पैसे पहिल्या फोनवर मागत नाहीत, आधी तुम्हाला घाबरवतात, असं मी सांगत होतो.

साडेतीनला चहा झाला. तिथे आमच्या एचआरमधल्या देवयानी जवळ आल्या. त्या कोल्हापूरच्या. हॉलमध्ये मराठी कळणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"सर, एक विचारू? त्या मुलीला रोवळी म्हणायचं होतं का?"

मी कप खाली ठेवला.

"तांदूळ धुवायचं म्हणाली ना ती," देवयानी म्हणाल्या. "आमच्याकडे रोवळीच म्हणतात. मला उगाच कसंतरी झालं हो. एकदा घरी फोन करून बघा ना."

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, झालं, आता शब्द बदलावा लागणार. या बाईंना कळला म्हणजे तो फुटला. तांदूळ धुवायची वस्तू आहे हे त्या चोराला कुठून कळलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. एकवीस वर्षं याच कामात घालवलेल्या माणसाच्या डोक्यात आला नाही. मी शब्द मागत होतो आणि माझी पोरगी मला त्याचा अर्थ सांगत होती. आमच्या तिघांशिवाय तो जगात कुणाला ठाऊक असणार होता?

देवयानींच्या समाधानासाठी मी फोन लावले. अश्लेषाचा बंद. मेट्रोत असेल. रेवतीचा वाजत राहिला. ती निम्म्या वेळा फोन घरीच चार्जिंगला विसरते. मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आज आशूच्या आवाजात फेक कॉल आला होता. दोघींनी सावध राहा.' आणि पुन्हा हॉलमध्ये गेलो.

साडेपाचला सेशन संपलं. बाहेर पडताना रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्या हातात तीन चिठ्ठ्या दिल्या. "सर, आपकी बेटी बोलकर कोई तीन बार फ़ोन कर रही थी. सवा दो, पौने तीन, चार बजे. मैंने आपको डिस्टर्ब नहीं किया." तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "आपने सुबह बताया था ना सर, इमर्जन्सी बोले तो पहले शक करना है."

तिसऱ्या चिठ्ठीवर हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड आणि एका नर्सचा नंबर होता. चोर वॉर्ड नंबर देत नाहीत. त्या मुलीने खुर्ची पुढे केली आणि मी बसून तो नंबर लावला. नर्सने फोन अश्लेषाकडे दिला. या वेळी ती रडत नव्हती.

"बाबा, ती रक्त पातळ करायची गोळी आई अजून घेते का?"

"नाही. मार्चमध्येच बंद केली डॉक्टरांनी."

तिने ते वाक्य हिंदीत कुणाला तरी सांगितलं. पलीकडून एक पुरुषाचा आवाज काहीतरी म्हणाला. मग ती म्हणाली, "ते म्हणतायत, आता उपयोग नाही."

पुढचं मला डॉक्टरांनीच समजावून सांगितलं, फार सभ्यपणे. रेवतीच्या मेंदूत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रेवती साडेबाराला खाली बसली होती, म्हणजे पाच वाजेपर्यंत वेळ होता. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते इंजेक्शन जीवावर बेतू शकतं. गेल्या वर्षी रेवतीच्या पायात गुठळी झाली होती, तेव्हाची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये सापडली. गोळी नव्या प्रकारातली, तिचा अंश रक्तात आहे की नाही हे त्यांच्याकडे लगेच तपासता येत नव्हतं. रेवतीला विचारलं तर ती एकदा हो म्हणाली, एकदा नाही म्हणाली. अश्लेषाला माहीत नव्हतं. ते ठाऊक असणारा माणूस एकच होता.

"हमने बच्ची से कहा, पापा को फिर से ट्राय करो," डॉक्टर म्हणाले. "शायद आप मीटिंग में थे."

"हो," मी म्हणालो, मराठीतच. त्यांना ते कळलं.

रेवती वाचली. उजवा हात आणि पाय गेले, त्यातला पाय थोडाफार परत आला. बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द येतो, 'बघ'. पाणी हवं असलं तरी बघ, दुखलं तरी बघ, राग आला तरी बघ. स्पीच थेरपीवाली बाई आठवड्यातून दोनदा येते, चित्रं दाखवते. रेवती चित्राकडे बघते, ओठ जुळवते, घाम येईपर्यंत प्रयत्न करते आणि म्हणते, "बघ." मग स्वतःच्याच मांडीवर डावा हात आपटते. याच रेवतीने वीस वर्षं दिल्लीतल्या मराठी मुलांना शनिवारी-रविवारी फुकट मराठी शिकवलं होतं.

अश्लेषा मला काही बोलली नाही. एका शब्दाने नाही. मी रजा टाकली, तिने कॉलेज अर्ध्यावर आणलं, आम्ही रेवतीजवळच्या पाळ्या वाटून घेतल्या. "बाबा, दूध संपलंय." "बाबा, सहाची गोळी दिली का?" एवढंच. ओरडली असती, वाट्टेल ते बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती मला बरं वाटू द्यायला बांधील नव्हती.

तीन महिन्यांनी मला गुरुग्रामच्या ऑफिसातून मेल आला. तिथल्या ट्रेनिंग विभागातल्या कुणाला काहीच माहीत नव्हतं. 'सर, आपल्या सेशनमधली ही सव्वा मिनिटाची क्लिप अप्रतिम आहे. कंपनीच्या सक्तीच्या ट्रेनिंगमध्ये घ्यायची परवानगी हवी.' खाली लिंक.

दोन दिवस मी ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रेवती झोपल्यावर हेडफोन लावून उघडली. हॉलमध्ये मी स्पीकर माइकला लावून आणि वर स्वतःच बोलत राहून जे घालवलं होतं, ते हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आलं. अश्लेषा म्हणते, "ती गोळी," आणि माझा आवाज तिच्या वाक्यावर चढतो. मग तो चार-पाच सेकंदांचा श्वास. आणि त्या श्वासामागे, लांबून, जड जिभेने, पण अगदी कळेल असं रेवती बोलते.

"राहू दे गं आशू. त्याचं सेशन असेल. नको त्याला त्रास."

मी ते किती वेळा ऐकलं कुणास ठाऊक. रेवतीचं ते शेवटचं बोलणं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ हसणं, टाळ्या, शिट्टी. क्लिप पुसून टाका असं उत्तर मी लिहिलं होतं, ते पाठवायला हात होईना.

अश्लेषा कधी दारात येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने स्क्रीनवर मला माइक घेऊन उभा असलेलं बघितलं. काही न विचारता माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले, स्वतःच्या कानाला लावले आणि सुरुवातीपासून ऐकलं. ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. मी मात्र लहान पोरासारखा रडत होतो.

"आई असं म्हणाली होती," मी म्हणालो. "तू सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं?" तिने हेडफोन टेबलावर ठेवले. "मला वाटलं तू पार्टीत आहेस. लोक हसत होते. मला हे माहीत नव्हतं की मला हसत होते."

"आशू—"

"बाबा, एक विचारू? खरं सांग." तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "माझा आवाज तुला माझा वाटलाच नव्हता का?"

नव्हता वाटला म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. तिला ते मानायचंच होतं, दिसत होतं मला. मशिनला नावं ठेवून दोघं मोकळे झालो असतो.

"वाटला होता," मी म्हणालो. "पहिल्या शब्दालाच."

मग आतून रेवतीची हाक आली, "बघ," आणि मी उठायला लागलो.

"तू नको येऊस," अश्लेषा म्हणाली. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.